पहिले बटण

कारखान्यातल्या अकरा मशीनवर अकरा टॅब बसवले गेले, तेव्हा त्यांवरची आठ बटणे मी लिहिली. मशीन दोन मिनिटांहून अधिक थांबले की टॅबवर प्रश्न उमटे, 'मशीन का थांबले?' आणि त्याखाली आठ उत्तरे. ऑपरेटरने त्यांतले एक निवडल्याशिवाय मशीन पुन्हा सुरू होत नसे. उत्तरे मराठीत हवीत, आटोपशीर हवीत आणि एका वेळी एकच लागू पडेल अशी हवीत, असे मला सांगितले होते. पर्यायी उत्तरांचे प्रश्न काढण्यात माझे अर्धे आयुष्य गेलेले. एका दुपारी मी ते काम हातावेगळे केले आणि ते चांगले झाले आहे, असे मला वाटले.

पहिल्या बटणावर मी 'टूल बदलले' असे लिहिले. लोखंड कापणारे टूल वापराने बोथट होते, ते काढून धारदार बसवावे लागते, आणि यात कोणाचाही दोष नसतो. 'माल आला नाही', 'वीज गेली', 'माप तपासले' ही बटणे त्यानंतर होती. पाणी, स्वच्छतागृह, घरून आलेला फोन यांसाठी सातवे बटण होते, 'वैयक्तिक'. माणसाची नजर आधी निर्दोष कारणावर पडावी, एवढाच माझा हेतू होता. वर्गातसुद्धा मी पहिला प्रश्न नेहमी सोपा ठेवत असे. त्यामुळे भिणाऱ्या मुलांचा हात लिहिता होतो.

मी मूळची गणिताची शिक्षिका. रहाटणीतल्या आमच्या मराठी शाळेचे वर्ग एकेक करून रिकामे झाले आणि शेवटी शाळा बंद झाली. तेव्हा माझ्या निवृत्तीला बरीच वर्षे बाकी होती. कुरुळीच्या या कारखान्याच्या शेठना उत्पादनाची नोंदवही लिहिणारे माणूस हवे होते. अक्षर सुवाच्य हवे आणि खाडाखोड नको, एवढीच त्यांची अट. मी दोन्हींत बसत होते. सकाळी कंपनीची बस पकडायची, मोशीला इंद्रायणी ओलांडायची आणि सातच्या ठोक्याला मशीनच्या रांगेत उभे राहायचे, असा क्रम सुरू झाला. सगळे मला बाई म्हणत. शेठही आणि ऑपरेटरही. शाळा गेली तरी ते एक संबोधन माझ्याबरोबर राहिले, याचा मला आधार वाटे.

त्या कारखान्यात एक रीत होती. तिची नोंद मी वहीत कधी केली नाही, कारण तिच्यासाठी रकानाच नव्हता. आमची मशीन आपोआप कापत. माणसाने कच्चा तुकडा लावायचा, दार बंद करायचे आणि कापून झालेला काढून घ्यायचा. मधल्या दोन-तीन मिनिटांत हात मोकळे असत. म्हणून एखाद्याला बाहेर जायचे झाले, की तो शेजारच्याला नुसता म्हणे, "सांभाळ रे जरा." शेजारचा आपले मशीन चालवता चालवता त्याच्याही मशीनला तुकडा लावी. गेलेला माणूस परत आला की त्याचे मशीन चालूच असे. कोणी कोणाचे किती वेळा सांभाळले याचा हिशेब नव्हता. भांडण झालेली माणसेसुद्धा एकमेकांशी न बोलता नुसत्या मानेने खुणावून मशीन सोपवताना मी पाहिली आहेत.

दुपारी जेवायला एकच लांब टेबल होते. माझी जागा टूल-रूमच्या चाचांशेजारी. चाचा चाकणचेच; त्यांच्या घरात तीन पिढ्या हत्यारांना धार लावण्याचे काम. बोथट टूल त्यांच्याकडे जाई आणि त्यांच्या चाकावरून धार घेऊन परत येई. माझ्या दुसऱ्या बाजूला तीन नंबरच्या मशीनचे आप्पा बसत. ते कुरुळीतल्या जुन्या घरातले, रांगेतले वयाने सर्वांत मोठे. समोर सात नंबरचा ऑपरेटर, लातूरकडचा. त्याला सगळे लातूरकरच म्हणत.

"बाई, आज बी मेथीच व्हय?" आप्पा विचारत.

"कालची मेथी, आजची चाकवत."

"गणितवाल्या बाई. पालेभाजीत बी फरक काढत्यात."

"आप्पा, तुम्हाला काय, गवत वाढलं तरी मेथीच म्हणाल," असे चाचा म्हणत, आणि त्यांच्या डब्यातला एक शामी कबाब आप्पांच्या झाकणात ठेवत. मी एकटी राहते. दिवसातले माझे संभाषण बहुधा त्या अर्ध्या तासात होई.

मग शेठची मुलगी कारखान्यात आली. ती इंजिनिअर, मनाने सरळ आणि कामाला वाघ. तिला सगळे मॅडम म्हणू लागले. आमच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने कळवले होते, की प्रत्येक मशीनची क्षणाक्षणाची माहिती देणाऱ्या पुरवठादारांनाच यापुढे काम मिळेल. माझी वही सुवाच्य होती, पण ती दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायची गोष्ट होती. टॅब आले. प्रत्येक ऑपरेटरला एक कार्ड मिळाले. कार्ड आपल्या मशीनच्या खाचेत घालायचे, जागा सोडताना काढून बरोबर न्यायचे. कार्ड निघाले की मशीन थांबणार. नियम अगदी स्वच्छ होता. कोणते मशीन, कोणता माणूस, किती नग, यात शंकेला जागाच नव्हती. वर्गात प्रत्येकाने आपापल्या पाटीवर लिहावे, शेजाऱ्याचे पाहू नये, हा माझाही आयुष्यभराचा नियम. मला तो आवडला.

त्या दिवसापासून "सांभाळ रे" हे शब्द बंद झाले. दुसऱ्याच्या कार्डावर मशीन चालवता येत नव्हते. माणूस पाणी प्यायला गेला की मशीन थांबे, आणि परतल्यावर टॅब त्याला प्रश्न विचारी.

काही महिन्यांनी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आठ रंगीत स्तंभ होते. पहिला स्तंभ इतका उंच होता, की बाकीचे सात त्याच्या पायाशी बसल्यासारखे दिसत होते.

"बाई, इतकी वर्षं आपल्याला हे दिसलंच नाही," त्या उत्साहाने म्हणाल्या. "सगळा वेळ टूल बदलण्यात जातोय. म्हणजे धार टिकत नाही. पुढच्या महिन्यापासून टूल बाहेरून तयार घेऊ, आपली टूल-रूम बंद करू. चाचांचं वयही झालंय. त्यांना मानाने निरोप देऊ."

मी त्या स्तंभाकडे पाहत राहिले. चाचांनी धार लावलेले टूल इतक्या वेळा बोथट होणे शक्य नव्हते. तो स्तंभ कोणाच्या बोटांनी वाढला, हे मला समजत होते. पण समजणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे, हेही मीच मुलांना शिकवले होते.

"मॅडम, मला एक आठवडा द्या. मी मोजून पाहते."

"मोजलेलंच आहे ना, बाई?"

"नोंदलेलं आहे," मी म्हणाले. "मोजायचं राहिलं आहे."

त्या हसल्या आणि आठवडा दिला. टूल-रूमचे काय ठरते आहे हे मी चाचांना सांगू नये, असे त्यांनी सुचवले, आणि मलाही तेच योग्य वाटले. निष्कारण म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर नको.

खेळाच्या तासाचे माझे जुने स्टॉपवॉच कपाटात होते. ते घेऊन मी रांगेत उभी राहिले. जे दिसले ते अपेक्षेप्रमाणेच होते. माणूस पाणी पिऊन येई, कार्ड घाली, आणि न पाहता अंगठा पहिल्या बटणावर ठेवी. फोन झाला, पहिले बटण. पाठ मोकळी करायला पाच मिनिटे दारात उभे राहिले, पहिले बटण.

"लातूरकर, टूल तर तुम्ही बदललं नाही," मी सात नंबरवर म्हणाले.

"न्हाई बदललं, बाई."

"मग?"

"ते सातवं दाबलं की मॅडमच्या मोबाइलवर जातंय म्हणं. परवा एकाला विचारल्या, पोट बिघडलंय का तुमचं? समद्यांदेखत!" तो हसला. "टूलचं पोट कोण विचारतंय?"

पलीकडून आप्पा म्हणाले, "टूलला राग येत न्हाई, बाई. माणसाला येतो."

मी त्यांना सांगायला नको होते; पण सांगितले. "या बटणामुळे टूल-रूम बंद होणार आहे. चाचा जाणार आहेत."

लातूरकरने फडक्याने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले.

"तुम्हीच जाऊन मॅडमना खरं सांगा," मी म्हणाले. "सगळे मिळून."

"आनि मग?" आप्पा म्हणाले. "खोटं दाबलं म्हून आमच्या नावचा कागद निघंल. चाचाचं असं काय व्हणार न्हाई, बाई. शेठ जुनं माणूस हाय, त्यो चाचाला जाऊ देनार न्हाई." मग ते माझ्या हातातल्या वहीकडे पाहून थांबले. "ह्यात आमचं काय लिवलंय तुमी?"

"अजून वेळाच फक्त लिहिल्या आहेत."

"मग तेवढंच ऱ्हाऊ द्या."

माझ्यापुढचा प्रश्न उघड होता. गप्प राहिले तर चाचांचे काम जाणार होते, आणि बोलले तर अकरा जणांनी महिनोन्महिने खोटे बटण दाबल्याचे उघड होणार होते. त्या रात्री नव्हे, तर दुसऱ्या दिवशी बसमध्ये, मोशीच्या कोंडीत, माझा निर्णय झाला. खोट्या नोंदीवर निर्दोष माणसाचे काम जाऊ नये. आजही त्या निर्णयाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती मी पुढे जे केले त्याबद्दल.

मी तक्ता तयार केला. डावीकडून पहिला रकाना मशीन क्रमांक, दुसरा वेळ, तिसरा खरे कारण, चौथा दाबलेले बटण. तीस वर्षे मी उत्तरपत्रिकेवर आधी हजेरी क्रमांक पाहिला आणि मगच उत्तर तपासले. क्रमांकाशिवाय नोंद माझ्या हातून होतच नसे. पण आता एका शिफ्टमध्ये एका मशीनला एकच कार्ड होते. म्हणजे मशीनचा क्रमांक हा माणसाचाच क्रमांक होता. शाई वाळेपर्यंत ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, असे मी म्हणू शकत नाही. ती माझ्या ध्यानात आली होती. रकाना खोडला असता तर कागदावर खाडाखोड दिसली असती. मी तो तसाच दिला.

मॅडमनी तक्ता दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी वाद घातला नाही. टूल-रूम बंद करण्याचा विचार त्यांनी तिथेच सोडला. मग तक्ता समोर ठेवून त्यांनी अकराही जणांना एकेक करून आत बोलावले. कोणालाही कामावरून काढले नाही. समज दिली, सही घेतली. लातूरकरच्या मशीनसमोर सर्वांत जास्त ओळी होत्या. त्याला दुसऱ्या शिफ्टला टाकले; तिथे मोजकीच मशीन चालत, म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवता येईल. पहिली शिफ्ट सुटल्यावर तो आपल्या मुलीला शाळेतून घरी नेत असे आणि त्याची बायको संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला असे, हे मॅडमना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. पण माझ्या तक्त्यात त्याचा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन टेबलाशी गेले. सगळे थोडे थोडे सरकून बसले होते, त्यामुळे माझी जागा उरली नव्हती. कोणा एकाने ती घेतली असती तर मी त्याला उठ म्हणू शकले असते. मी उभी राहून पाणी प्यायले आणि माझ्या टेबलाशी येऊन जेवले. चाचा त्यांच्या नेहमीच्या जागेवरच होते, पण आता आप्पांशेजारी.

आठ-दहा दिवस मी वाट पाहिली, मग टूल-रूममध्ये गेले. चाचांनी चाक थांबवले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"चाचा, तुमच्यासाठी केलं होतं मी."

"मालूम आहे, बाई. मॅडमनी सांगितलं मला." त्यांनी फळीवरून एक चिकट, काळी झालेली वही काढली. रोज किती टूल धारेला आली आणि किती परत गेली, त्याच्या त्यांनी ओढलेल्या उभ्या रेघा. "हे पाहिलं असतं तरी पुरत होतं. टूल आलंच नाही माझ्याकडे, तर बदललं कुठून? एका माणसाचं नाव निघालं नसतं ह्यात."

मी ती वही उघडून पाहिली. प्रत्येक पाच रेघांनंतर आडवी रेघ होती. नोंद अचूक होती. मी सात दिवस स्टॉपवॉच घेऊन फिरले, आणि पंधरा पावलांवरच्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही. त्याला त्रास नको म्हणून.

"माझं काम तुम्ही वाचवलं," चाचा म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पण लातूरकरची पोरगी शाळेच्या फाटकात तासभर बसते आता, माझ्यापायी. मग मी कुठं बसायचं जेवायला, तुम्हीच सांगा."

मी वही फळीवर परत ठेवली. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि चाक सुरू केले.

त्यानंतर मी मॅडमकडे आणखी एक कागद नेला. त्यात क्रमांक नव्हते. एका मशीनला दोन कार्डे चालावीत, ऑपरेटरचे आणि शेजाऱ्याचे, एवढीच मागणी होती, आणि का, हे मी त्यांना जुनी रीत सांगून समजावले. मॅडमनी ते लगेच ओळखले. टॅबमध्ये बदल झाला. माणूस बाहेर गेला की शेजारी आपले कार्ड टेकवी आणि मशीन चालू राही. थांबणे कमी झाले, माल वाढला. बाहेरचे लोक आमचा कारखाना पाहायला येऊ लागले. मॅडम त्यांना पडद्यावर जुने आणि नवे स्तंभ शेजारी शेजारी दाखवत. तंत्रज्ञानामुळे उत्पादकता वाढते, असे पाहुणे म्हणत, आणि ते खोटे नव्हते.

पण मी शिक्षिका आहे, म्हणून ते वाक्य मला पूर्ण करावेसे वाटते. एका माणसाने एका तासात किती नग काढले, ही उत्पादकतेची पुस्तकी व्याख्या झाली. ती एका माणसापासून सुरू होते, आणि यंत्रही एका माणसालाच मोजायला शिकलेले असते. कारखाना मात्र दोन माणसांच्या मधल्या जागेत चालतो. ती जागा मोजता आली नाही, तर टॅब लावूनही मशीन थांबत राहतात आणि दोष धार लावणाऱ्यावर जातो. ती जागा टॅबला शिकवली, तेव्हा माल वाढला. हा धडा बरोबर आहे. मी तो कोणत्याही वर्गात शिकवीन. मात्र "सांभाळ रे" असे म्हणणे परत आले नाही. आता कार्ड टेकवले की बीप वाजते आणि शेजाऱ्याला वर पाहावे लागत नाही.

लातूरकरला पुन्हा पहिली शिफ्ट मिळावी म्हणून मी शेठशी बोलले. ती मिळाली, पण तोवर मुलीचे ते शाळेचे वर्ष संपत आले होते. त्याने मला सांगितले नाही. हजेरीपटावरून मला समजले.

असे माझे पुढचे दिवस गेले. कामात मला कोणी अडवले नाही. "बाई, ही सही", "बाई, हे माप" एवढे बोलणे चालू राहिले. जेवण माझ्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून. सुरुवातीला मी घरून दोन भाज्या नेत होते, मग एकच नेऊ लागले.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यातला शुक्रवार होता. दुपारी चाचा नमाजाला जात. त्या वेळी ते टूल-रूमचे दार नुसते लोटून घेत. त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हात धुतलेले होते, टोपी हातात होती.

"बाई, जरा सांभाळता का? येतो मी."

मी उठले. टूल-रूममध्ये गेले, तर चाक बंद होते. बटणही बंद केलेले होते आणि टूल फळीवर ओळीने लावून ठेवलेली होती. तिथे सांभाळण्यासारखे काही नव्हते. मी चाकाशेजारी उभी राहिले. हात कुठे ठेवावेत हे मला कळेना, म्हणून ते मी चाकाच्या लोखंडी चौकटीवर ठेवले. ती अजून कोमट होती.

थोड्या वेळाने आप्पा बोथट टूल घेऊन दारात आले आणि मला पाहून थबकले.

"चाचा?"

"नमाजाला गेलेत."

"मग तुमी सांभाळताय व्हय?"

"हो."

त्यांनी एकदा बंद चाकाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. टूल फळीच्या कडेला ठेवले, "असू द्या," म्हणाले आणि गेले. तेवढे बोलायला त्यांना दीड वर्ष लागले होते.

चाचा परतले तेव्हा मी तशीच उभी होते.

"काही झालं?" त्यांनी विचारले.

"नाही. चाक बंदच होतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. त्यांनी आप्पांचे टूल उचलले, वहीत एक उभी रेघ ओढली आणि बटण दाबले.